आधी कोण बसलं होतं?

एसटीत जागा मिळाली की आपण काय करतो? बसतो. आधी बसतो, मग खिडकी उघडते का ते बघतो आणि मग शेजारचा कुठवर आहे ते विचारतो. बाईंचं तसं नव्हतं. लासुर्ण्याच्या फाट्यावर त्या गाडीत चढायच्या, रिकाम्या सीटपाशी यायच्या, सीटवर तळहात टेकवायच्या आणि शेजारच्या माणसाला विचारायच्या, "हितं आधी कोण बसलं होतं?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी इंदापूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला नुकताच लागलो होतो. बारामतीहून रोज जाऊन येऊन करायचो. मला वाटलं, बाई जातपात बघणाऱ्या दिसतात. मी जरा तुसडेपणानेच म्हणालो, "माणूसच बसला होता."

"ते झालं हो. पण एवढ्या गर्दीत तो उठून उभा का राहिलाय?"

मी वर बघितलं. खरंच, माझ्या शेजारचे फेटेवाले आजोबा दांडा धरून उभे होते. त्यांनी ओशाळून सांगितलं की सीटचा खिळा वर आलाय. बाई निमगावपर्यंत उभ्याने आल्या आणि मी आरामात बसून आलो. माझ्याही सीटचा खिळा वर आला होता हे मला कॉलेजात फळ्याकडे तोंड केल्यावर, मागच्या बाकांवरच्या हसण्यावरून कळलं.

त्या आमच्याच कॉलेजात भूगोल शिकवत. बाकीच्या प्राध्यापिका मॅडम होत्या, बाई मात्र एकच. सावळ्या, उंच, चालायला लागल्या की आपण मागे पडणार. राहायला कळंबला, वडिलांजवळ. घर धनगराचं. वडिलांना सगळा गाव आबा म्हणे. दरवर्षी दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. बाईंचं बालपण घोड्याच्या पाठीवरच्या संसारात, कोंबड्या आणि कोकरांच्या शेजारी बसून गेलं होतं. शाळेसाठी मामाने ठेवून घेतलं म्हणून त्या शिकल्या.

त्या प्रश्नाचं मूळही आबाच. आबा त्यांच्या तांड्याचे कारभारी होते, म्हणजे पुढे जाऊन मुक्कामाची शेतं ठरवणारे. मेंढरं रात्रभर शेतात बसली की शेताला खत मिळतं, म्हणून शेतकरी बोलावतात आणि बदल्यात धान्य देतात. पण कुणाच्या रानात रोगाची मेंढरं बसून गेलेली असतात, तर कुणी सकाळी शब्द फिरवतो. मग ठरवायचं कसं? आबा म्हणत, "मालक आपल्या रानाला कवा वाईट म्हणत न्हाय, बाय. आधी बसलेल्याला इचार."

बाईंनी हे वाक्य जन्माला पुरवलं. डॉक्टरकडे गेल्या की आधी बाहेर बसलेल्या पेशंटांची उलटतपासणी घ्यायच्या. कॉलेजने नवं कपाट दिलं तर ते आधी कुणाकडे होतं आणि त्याने ते का सोडलं, हे शिपायाला विचारून यायच्या. आम्ही चेष्टा करायचो. कँटीनमध्ये वडा आला की कुणीतरी म्हणायचंच, "बाई, हा आधी कुणी खाल्ला होता?" त्या हसायच्या, पण दुसऱ्या कुणीतरी पहिला घास घेईपर्यंत थांबायच्या, हेही मी पाहिलंय.

एकदा मात्र आमची चेष्टा जागच्या जागी थांबली. पणदऱ्याचं एक स्थळ आलं होतं. माणूस बिजवर, पण घर मोठं, ऊस, गोठ्यात संकरित गाई. पाव्हणे मंडळी खूश होऊन गेली. बाई दुसऱ्या दिवशी रजा टाकून सरळ त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोच्या माहेरी गेल्या. तिच्या आईपाशी बसल्या, चहा घेतला आणि परत आल्या. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, "मग? पेढे कधी?" त्या म्हणाल्या, "तिची आई लेकीचं नाव घेऊन रडली, जावयाचं नाव घेतलं की गप्प झाली. मला तेवढं पुरलं." पुन्हा लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हीही नाही.

त्यांना लग्नापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीचा ध्यास होता. त्यांना डॉक्टरेट करायची होती, आणि विषय डोक्यात पक्का होता: मेंढरांच्या जुन्या वाटा. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, त्यात कितीतरी वाटा आणि मुक्काम बुजून गेले. कुठली वाट कुठून जायची, कुठल्या माळावर पाणी असायचं, हे सगळं आबांच्या डोक्यात होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं. आबांचे गुडघे बोलायला लागले होते. "आबा चालतायत तोवरच हे व्हायचं," त्या म्हणत. असं म्हणताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली जायचा.

पुण्यातल्या एका मार्गदर्शकांकडे त्या गेल्या होत्या. ते म्हणाले, पुण्यात येऊन राहा, आणि मेंढरामागे फिरण्यात कसला आलाय भूगोल, त्यापेक्षा उसाचा प्रसार घ्या. बाई दुसऱ्या दिवशी गाडीत माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "ऊस कुठं आला ते सगळ्यांना दिसतंय, सर. त्याच्याखाली काय गेलं ते मला लिहायचंय."

त्यानंतर कधीतरी त्यांच्या वाचनात आलं की परदेशातली काही विद्यापीठं आपल्या जागी राहूनही डॉक्टरेट करू देतात. झालं. पुण्याच्या एका ग्रंथालयातल्या जाडजूड पुस्तकातून त्यांनी पत्ते उतरवून आणले, आणि इंग्रजीचा माणूस म्हणून पत्रं लिहायची जबाबदारी माझ्यावर आली. माझ्याकडे एक जुना टाइपरायटर होता. त्याचं 'ई' अर्धवट उमटायचं, त्यामुळे आमची सगळी पत्रं जरा बोबडी गेली.

तीन ठिकाणांहून पुस्तिका आल्या. अमेरिकेची सगळ्यात देखणी, गुळगुळीत कागद, हिरवळीवर हसणारी मुलं. इंग्लंडची साधी पण नाव मोठं. तिसरी ऑस्ट्रेलियाची, तिच्यावर ना हिरवळ ना मुलं, नुसता मजकूर. अमेरिकेच्या पुस्तिकेत म्हटलं होतं की तुमचा शिकवण्याचा अनुभवच इतका आहे की मोठा प्रबंध लिहायचीही गरज नाही. स्टाफरूमचा कौल एकमुखाने अमेरिकेला पडला. अकाउंट्सचे सर म्हणाले, "बाई, पदवी ती पदवी. वर्षाच्या आत नावामागं डॉक्टर लागतंय. कोण विचारायला जातंय?"

"मीच," बाई म्हणाल्या. "मीच विचारणार."

काय विचारणार ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. तिन्ही विद्यापीठांना एकच प्रश्न: आमच्यासारखं दुरून शिकून तुमच्याकडे आधी कुणी डॉक्टरेट केली, त्यांची नावं आणि पत्ते कळवा, म्हणजे आम्ही त्यांनाच विचारू. मी त्यावर इंग्रजी कशिदाकाम करायला बसलो. कृपया, शक्य असल्यास, आपली हरकत नसल्यास. बाईंनी तो कागद टाइपरायटरमधून ओढून काढला. "असं लिहिलं तर ते बी असंच गोल उत्तर देतील. सरळ विचारा."

अमेरिकेचं उत्तर सगळ्यात आधी आलं. त्यांचे सर्व विद्यार्थी अत्यंत समाधानी होते, पण एकाचंही नाव देता येत नव्हतं. लवकर नाव नोंदवलं तर सवलत मात्र होती. बाई म्हणाल्या, "मालक भरपूर बोलला. बसलेले कुठं हायत?" गुळगुळीत पुस्तिका त्यांनी आमच्या ग्रंथपालांच्या लहान मुलीला चित्रं कापायला दिली.

इंग्लंडने दोन नावं दिली. बाईंनी दोघांनाही लिहिलं आणि दोघांचीही मनापासून उत्तरं आली. रान उत्तम, मालक शब्दाचा पक्का. पण दरवर्षी ऑक्टोबरपासून काही महिने तिकडे जाऊन राहावंच लागतं. म्हणजे नेमकी दिवाळी. मेंढरं निघणार तेव्हा बाई विलायतेत. बाईंनी ती पुस्तिका मात्र जपून कपाटात ठेवली.

मग ऑस्ट्रेलियाचं पत्र आलं. एका प्राध्यापिकेने हाताने लिहिलं होतं. दूर राहून डॉक्टरेट करणारे आमच्याकडे आहेत, पण ते आमच्याच देशातले. बाहेरच्या देशातून अजून कुणी केलेली नाही. तुम्ही पहिल्या असाल. ते कसं जमेल हे, खरं सांगायचं तर, आम्हालाही माहीत नाही. विषय मात्र मला फार आवडला.

मी म्हणालो, "संपलं. आता पुणेच." संध्याकाळच्या गाडीत बाईंनी ते पत्र इंदापूरपासून वाचायला घेतलं. लासुर्ण्याचा फाटा आला, गाडी थांबली, घंटी वाजली, तरी त्या उठेनात. शेवटी कंडक्टर ओरडला, "बाई, आज बारामतीला मुक्काम काय?"

त्या रविवारी त्यांनी मला कळंबला बोलावलं. पत्राचा शब्द न् शब्द आबांना सांगायचा होता आणि स्वतःच्या इंग्रजीवर त्यांचा विश्वास नव्हता. ऊस थेट अंगणापर्यंत आलेला. आबा ओट्यावर घोंगडी टाकून बसले होते, डोळे मिटून ऐकत होते. मी पत्र मराठीत सांगून संपवलं, तसे म्हणाले, "मग अडलं कुठं?"

बाईंचा आवाज चढला. कॉलेजात कधी ऐकला नव्हता असा. "आबा, नेम तुमीच शिकवला न्हवं? जितं आधी कोण बसलं न्हाय तितं बसायचं न्हाय."

"मी असं कवा म्हणलो? मी म्हणलो, इचार. तू इचारलंस, ती म्हणली कोणच बसलं न्हाय. हे बी उत्तरच हाय की. खोटं बोलायचं असतं तर धा नावं सांगितली असती."

"आन् मी पयली बसले आन् बुडाले तर? तुमचं चालायचं दिस ऱ्हायलेत किती?"

हे तोंडातून गेलं आणि बाईंनी ओठ दाताखाली धरला. आबा जराही रागावले नाहीत. गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, येळ घालवू नगं. कोऱ्या रानात मी बसलोय की. कोऱ्या रानाचा नेम निराळा. मालकाला म्हणायचं, पयल्या मुक्कामाला तू बी आमच्यासंगट ये. आमच्यात जेव, आमच्यात निज. येतो म्हणला तर मानूस खरा. फाटं फोडाय लागला तर मेंढरं उठवायची आन् पुढं चालायचं."

मला हसू आलं. "आबा, ती बाई प्रोफेसर आहे. समुद्रापलीकडे राहते."

"मग? मेंढराचा मुलूख हाय न्हवं तो? मेंढरात निजाया तिला काय व्हतंय?"

ते पत्र टाइप करताना मला घाम फुटला होता, हे मान्य करतो. परदेशी विद्यापीठातल्या एका विदुषीला आम्ही लिहीत होतो की आपण भारतात येऊन उघड्या शेतात मेंढरांच्या कळपाशेजारी एक रात्र झोपावं. मी शेवटी हळूच "आपल्या सोयीने" असं घातलं. बाईंनी तेवढं पेनाने खोडलं आणि पत्र तसंच, खाडाखोडीसकट, टाकलं. खाली आमच्या ओळखीच्या बारामतीच्या एसटीडी बूथचा फॅक्स नंबर दिला.

नंतरचे आठवडे बाईंनी कसे काढले ते मी रोज शेजारच्या सीटवरून बघत होतो. त्या विषय काढत नव्हत्या आणि दुसऱ्या कशावरही बोलत नव्हत्या. मग एका सकाळी मी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो, तर बूथवाला समोरून रस्ता ओलांडून कागद फडकवत पळत आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण पहिला शब्द वाचता आला होता. "मास्तर, येस लिहिलंय! येस म्हंजी काम झालं न्हवं?" दिवाळीनंतर प्राध्यापिकांना हैदराबादला एका परिषदेला यायचंच होतं. तिथून त्या येणार होत्या. शेवटची ओळ होती, वडिलांना आधीच सांगून ठेवा, मी घोरते.

लासुर्ण्यात मी गाडीच्या खिडकीतूनच कागद बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला आणि गाडीत चढायचं विसरून तिथेच फाट्यावर हसत उभ्या राहिल्या. त्या दिवशी भूगोलाचे तास झाले नाहीत.

आबांचा पहिला मुक्काम लासुर्ण्याजवळच्या एका पडीक रानात होता. प्राध्यापिका आल्या तेव्हा निम्मं गाव बघायला जमलेलं. पिकलेले केस, पायात पुरुषी बूट, डोक्यावर हॅट. कुणाला नमस्कार करावा हे त्यांना कळेना, म्हणून त्या सरळ कळपात शिरल्या. एका मेंढीला त्यांनी गुडघ्यात धरलं, अंगठ्याने तिचा ओठ वर केला, दात बघितले आणि आबांकडे बघून दोन बोटं दाखवली.

"व्हय," आबा म्हणाले, "दोनदाती."

मग आबांनी परीक्षेला दुसरी मेंढी पुढे केली. चार बोटं. तिसरी. प्राध्यापिकांनी हात हलवून तोंड वाकडं केलं, म्हणजे ही आता म्हातारी झाली. आबा असे हसले की फेटा सुटला. "ही आपल्यातलीच हाय. भाषा तेवढी इसरलीय."

चुलीवरची भाकरी त्यांनी मांडीवर घेऊन खाल्ली. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबल्या नाहीत. मी मात्र संध्याकाळच्या गाडीने घरी गेलो. मला गादी लागते. सकाळी परत आलो तेव्हा मेंढरं उठून अंग झाडत होती. प्राध्यापिकांच्या गालावर घोंगडीची नक्षी उमटली होती आणि त्या एका कोकराला धरून त्याचा खूर तपासत होत्या. बाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांची नजर आबांवरून हलत नव्हती.

आबांनी सावकाश चूळ भरली. मग म्हणाले, "घोरती खरं. पन उठली आमच्या आधी." जरा थांबून लेकीकडे बघितलं. "बस तू. रान चांगलं हाय."

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवली. मला त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला. असं "बस तू" म्हणणारं माणूस मागे असलं की कुठेही जाता येतं.

पुढची वर्षं बाई दिवाळी झाली की बिनपगारी रजा टाकून आबांबरोबर चालत. वाटेतल्या कुठल्या कुठल्या खेड्यातल्या पोस्टातून त्यांची पाकिटं माझ्याकडे येत, मी इंग्रजी नीट करून पुढे पाठवत असे. तिकडून परत येणाऱ्या कागदांवर हिरव्या शाईने इतकं लिहिलेलं असे की मूळ मजकूर शोधावा लागे. एकदा तर अख्खं प्रकरण फुली मारून आलं. बाई चिडल्या, दोन दिवस प्राध्यापिकेला नावं ठेवली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बरोबरच हाय तिचं. मी वाट न चालता लिहिलं होतं." त्या वाटेवर त्या पुन्हा गेल्या. आबांचे पाय थकले तसे ते घोड्यावर बसून येऊ लागले, वरून काठीने दाखवायचे, हितं विहीर होती, तितं वड होता. बघावं तर ऊस.

प्रबंध लिहून होत आला त्या उन्हाळ्यात आबा गेले. घरीच गेले, झोपेत. बाईंनी कागद बांधून माळ्यावर टाकले. कुणी विषय काढायची सोय नव्हती. पावसाळा तसाच गेला. मग एकदा गाडी लासुर्ण्यातून सुटल्यावर त्या आपण होऊन म्हणाल्या, "सर, ते मुक्काम आता माझ्याएवढं कुणालाच ठाऊक न्हायत. मी लिहिलं न्हाय तर पुढच्यानं इचारायचं कुणाला?" त्याच संध्याकाळी माझ्या टाइपरायटरवरची चादर निघाली.

पदवी मिळाली. कॉलेजने नारळ दिला, शाल दिली, आणि अमेरिकेची शिफारस करणाऱ्या अकाउंट्सच्या सरांनीच सगळ्यात लांब भाषण केलं. पण मला खरी मजा वाटली ती त्यानंतर. बाईंना परक्या देशांतून अनोळखी माणसांची पत्रं यायला लागली. कुणी केनियातला, कुणी नेपाळचा. सगळे विचारत, आम्ही या विद्यापीठात दुरून शिकायचं म्हणतोय, त्यांनी तुमचं नाव दिलं, तुमचा अनुभव काय? बाई एकेकाला हाताने सविस्तर उत्तर लिहीत. पुस्तकं उशिरा पोचतात, हेही लिहीत. शेरे कडक असतात, एकटं वाटतं, रडूही येतं, सगळं. मी म्हणालो, "अहो, चार गोष्टी चांगल्या लिहा." त्या म्हणाल्या, "मी मालक न्हाय. मी आधी बसलेली हाय."

आता बाई इकडे नाहीत. राजस्थानात मेंढपाळांवर काम करणारी एक संस्था आहे, तिने त्यांना बोलावून घेतलं. पत्रात लिहितात की तिथे वाळूवरही वाटा असतात. जायच्या आधी संस्थेत कोण कोण काम करून गेलं त्या सगळ्यांना त्या भेटून आल्या होत्या, हे मी सांगायला नको. मी अजून बारामती–इंदापूर करतोच आहे. खिडकीजवळ मी आणि शेजारी बाईंची जागा, ही सवय इतकी जुनी की गर्दी नसली तर मी तिथे पिशवी ठेवतो.

परवा लासुर्ण्याला एक मुलगी चढली. बाईंनी जाण्याआधी शिकवलेल्या शेवटच्या वर्गातली, कळंबकडचीच. खांद्याला भरगच्च पिशवी, पुढे एम.ए. करायचं म्हणून कागद आणायला निघालेली. मी माझी पिशवी उचलून जागा करून दिली. ती बसली नाही. तिने सीटवर तळहात टेकवला.

"सर, हितं आधी कोण बसायचं?"

"तुझ्या बाई," मी म्हणालो.

तिने हात काढून घेतला आणि खाली न बघता बसली.